विंदालूतली वाइन कुठे गेली?

आजच्या धाग्यात लढाया आणि वेढे थोडे बाजूला ठेवू आणि स्वयंपाकघरात शिरू. एक तह वाटेत भेटेल, पण तोही माडाच्या झाडावरून उतरून येणार आहे.

प्रश्न साधा आहे. विंदालूत बटाटा असतो का?

लंडनमधील किंवा दिल्लीतील एखाद्या उपाहारगृहात विंदालू मागवले, तर लालभडक रश्श्यात बटाट्याच्या फोडी पुष्कळदा आढळतात. नावातच 'आलू' आहे, मग बटाटा हवाच, असा त्यामागचा तर्क. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात हा तर्क ऐकवला, तर घरची म्हातारी हसून तुम्हाला आणखी एक पाव वाढील. विंदालूतला 'आलू' बटाटा नव्हे. ती लसूण आहे. पोर्तुगीज भाषेत 'आल्युश' म्हणजे लसणी, आणि 'विन्या द'आल्युश' म्हणजे वाइन व लसूण यांचे मुरवण. त्या मुरवणात ठेवलेले मांस ते 'कार्ने द विन्या द'आल्युश'. मूळ नाव झिजत झिजत 'विंदाल्यु' आणि मग 'विंदालू' झाले.

ही आलूची चूक गोव्यात किंवा मुंबईत होणे शक्यच नव्हते, हेही लक्षात घ्या. कारण या किनाऱ्यावर बटाट्याला 'आलू' म्हणतच नाहीत. आपण 'बटाटा' म्हणतो, आणि तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. म्हणजे हा गैरसमज जिथे बटाट्याला आलू म्हणतात, अशा प्रदेशात जन्मला असला पाहिजे. त्याचा माग पुढे लागेल.

लसणीचा पत्ता लागला. खरा पेच नावाच्या पहिल्या भागाचा आहे. हा पदार्थ वाइनच्या नावाने ओळखला जातो; पण गोव्यातल्या पाककृतीत वाइन कुठेच नाही. तिथे आहे व्हिनेगर, तेही माडाचे. मग वाइन गेली कुठे?

आधी ती मांसात का आली होती, ते पाहू. मांसावर वाइन ओतणे ही आज आपल्याला चैन वाटते. पंधराव्या शतकातील पोर्तुगीज शेतकऱ्याच्या दृष्टीने ती काटकसर होती. हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर कापायचे आणि ते मांस शक्य तितके दिवस टिकवायचे, हा युरोपातील खेड्यांचा वार्षिक क्रम. वाइन आंबट असते. तिच्यात साधारण ११ ते १३ टक्के मद्यार्क असतो. आम्लता, मद्यार्क, मीठ आणि लसूण हे चौघे एकत्र आले की मांस सडवणाऱ्या बहुतेक जंतूंना तिथे वाढणे अवघड होते. शिवाय चिवट मांस मऊ पडते. उंची वाइन यासाठी कोणी वापरीत नसे. जी पिण्यालायक उरली नाही, जिला आंबूस वास येऊ लागला, ती मांसाच्या भांड्यात जाई.

इथेच एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवू, कारण सगळा धागा तिच्यावर उभा आहे. आंबलेली वाइन आणि व्हिनेगर यांच्यात भिंत नसते, उतार असतो. फ्रेंच भाषेत 'व्हिनेगर' या शब्दाचा अर्थच 'आंबट वाइन'. त्यामुळे पोर्तुगालमध्येसुद्धा काही घरांत हे मुरवण वाइनचे असे, काही घरांत व्हिनेगरचे, तर काही ठिकाणी दोहोंचे.

मांस आणि व्हिनेगर ही जोडी त्या द्वीपकल्पात ख्रिस्ती राजांच्याही आधीपासून रुजली होती. सासानी इराणच्या राजदरबारात 'सिकबाज' नावाचा पदार्थ मानाचा होता : व्हिनेगरमध्ये शिजवलेले मांस. त्यातला 'सिक' म्हणजे व्हिनेगर, आपल्या 'शिरक्या'चा नातलग. पुढे बगदादच्या खलिफांच्या काळातील पाकग्रंथांत सिकबाज सन्मानाने आला. इस्लामी धर्मशास्त्राने वाइन निषिद्ध मानली, पण व्हिनेगर ग्राह्य ठरवले. म्हणून द्राक्षाची आंबट चव मशिदीच्या सावलीतही निर्वेधपणे जेवणात राहिली. आठव्या शतकापासून अरब सत्तेबरोबर हा प्रकार आयबेरियात पोहोचला आणि तिथे त्याचे नाव 'एस्कबेचे' झाले. तळलेले मासे व्हिनेगरमध्ये मुरवण्याचा हा प्रकार आजही स्पेन-पोर्तुगालमध्ये आहे.

विन्या द'आल्युश थेट सिकबाजमधून निघाले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण ज्या भूमीवर ते घडले, तिथे आंबट मुरवणाचा सराव शतकानुशतकांचा होता. आणि तिथेच डुकराच्या मांसाला एक भयंकर अर्थही चिकटला होता. मुसलमान आणि ज्यू यांना सक्तीने ख्रिस्ती केल्यानंतर, कोण मनापासून बदलला आणि कोण नाही, हे ओळखण्याच्या खुणांपैकी एक म्हणजे ताटातले डुक्कर. जो ते टाळतो, त्याच्यावर इन्क्विझिशनची नजर. ती खूण पुढे गोव्यातही येणार होती.

१५१० साली अफोंसु द आल्बुकेर्कने गोवा घेतला. लिस्बनहून गोव्याचा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांचा, कधी त्याहून लांबचा. जहाजांवर सुके बिस्कीट, खारवलेले मांस, वाइन आणि व्हिनेगर यांचा साठा असे. मुरवलेल्या मांसाची पिंपे जहाजातून आली आणि त्यातून विंदालू जन्मले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती सुटसुटीत आहे, म्हणूनच मला जरा संशयास्पद वाटते. पाककृतीला पिंपाची गरज नसते. ती माणसांच्या सवयीतून प्रवास करते.

आता गोव्यात वाइनची स्थिती काय होती? द्राक्षे इथे पिकत नाहीत. प्रत्येक थेंब समुद्रावरून येणार; त्यातला बराच उष्णकटिबंधातून दोनदा जाताना बिघडणार. जी चांगली उरेल तिच्यावर पहिला हक्क चर्चचा. कॅथलिक मिस्सामध्ये वापरायची वाइन द्राक्षांचीच असली पाहिजे, हा धर्मनियम आहे. माडाची सुरा कितीही उत्तम असली, तरी वेदीवर चालत नाही. अशा स्थितीत डुकराच्या मांसावर वाइन ओतणारा स्वयंपाकी ना व्यापाऱ्याला परवडला असता, ना पाद्रीला.

पण समोर माड उभा होता.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या 'कोलोकियुश' या संवादरूप ग्रंथात भारतातील औषधी वनस्पतींचे वर्णन आहे. त्यात नारळाला स्वतंत्र प्रकरण आहे. माडापासून निघणारी सुरा आणि ती गाळून काढलेला अर्क यांची तो नोंद करतो. त्यानंतर वीसेक वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच तरुण यान हॉयखेन फान लिन्सखोटेन यानेही माडाच्या रसाचे हे चमत्कार नोंदवले. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच झाडातून दारू, व्हिनेगर, साखर आणि तेल निघते, याचे त्या काळच्या युरोपीय माणसाला जे आश्चर्य वाटले, ते अशा वर्णनांतून जाणवते.

'सुरा' हा शब्द पोर्तुगीजांनी इथूनच उचलला. तो किती जुना, हे सांगायला नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे मद्यांचे प्रकार आहेत. आणि आंबवण्यासाठी लागणारे 'किण्व' आहे. आजच्या मराठीतील 'किण्वन' हा शास्त्रीय शब्द त्यातूनच घेतलेला. त्या यादीतले 'मधु' म्हणजे द्राक्षांचे मद्य, आणि तेही कापिशीसारख्या वायव्येकडच्या प्रदेशांतून येणारे. म्हणजे दक्षिणेकडील किनाऱ्यासाठी द्राक्षाची वाइन मौर्यकाळीही परकी आणि दूरचीच होती.

माडातून सूर कशी निघते, ते थोडे सविस्तर पाहू. कारण विंदालूचा इतिहास राजवाड्यात नव्हे, झाडाच्या शेंड्यावर घडला आहे. गोव्यात हे काम करणारा तो रेंदेर, कोकणात भंडारी. माडाची न उमललेली पोय दोरीने घट्ट बांधायची, हलक्या हाताने ठोकत राहायची, आणि टोकाकडून कोयत्याने पातळ काप घ्यायचा. रस थेंब थेंब पाझरतो. तो खाली बांधलेल्या मडक्यात जमतो. सकाळी आणि संध्याकाळी रस उतरवायचा, मधल्या वेळी पुन्हा काप ताजा करायचा. म्हणजे एका माडावर दिवसातून तीनदा चढणे, आणि असे कितीतरी माड.

झाडातून निघतो त्या क्षणी हा रस गोड असतो. साखर साधारण १५ टक्के. पण हवेत आणि मडक्यात यीस्ट टपलेलेच असते. काही तासांत रस फसफसू लागतो, साखरेचा मद्यार्क होतो. दिवस मावळेपर्यंत त्याची सौम्य दारू झालेली असते. तशीच उघडी ठेवली, तर दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात. ते हवेतील प्राणवायू घेऊन मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल करतात. काही आठवड्यांत व्हिनेगर तयार.

क्रम नीट पाहा : साखर, मग मद्य, मग आम्ल. मधली पायरी गाळता येत नाही. ॲसिटिक जीवाणूंचे हे खाद्य लुई पाश्चरने १८६० च्या दशकात प्रयोगशाळेत उलगडले. पण रेंदेराच्या घरातल्या बाईला ते त्याआधीच तीन शतके व्यवहारात ठाऊक होते. तिला भांडे झाकून ठेवायचे की उघडे, एवढाच प्रश्न असे. झाकले तर नवऱ्याची दारू, उघडले तर मांसाचे मुरवण.

म्हणून 'विंदालूत वाइनच्या जागी व्हिनेगर आले' हे विधान अर्धे खरे आहे. वाइन काढून टाकली गेली नाही. तिचे झाड बदलले. द्राक्षाच्या वेलीऐवजी माड. पोर्तुगालमध्ये जशी उतरती वाइन मांसाच्या भांड्यात जाई, तशीच इथे उतरती सूर गेली. तो उतार दोन्हीकडे एकच होता.

सुरेचे काम इथेच संपत नाही. गव्हाचे पीठ फुगवायला यीस्ट हवे. सोळाव्या शतकात ते पाकिटातून मिळत नव्हते. युरोपात बिअरच्या तळाचा साका किंवा आंबट पीठ वापरीत. गोव्यातल्या पोदेरांनी ताजी सूर घातली. 'पोदेर' हा शब्द पोर्तुगीज 'पादेइरु' म्हणजे भटारी यावरून, आणि 'पाव' हा 'पांव' म्हणजे ब्रेड यावरून आला. पायाने मळतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती कल्पक आहे, पण निराधार. तांदळाच्या सान्नांतही हीच सूर पडते. डुकराच्या विंदालूबरोबर सान्ना खाणारा माणूस एकाच झाडाचा रस दोन रूपांत खात असतो. एकीकडे तो मद्याच्या अवस्थेत वाफवला गेला, दुसरीकडे आम्लाच्या.

समाजमाध्यमांवर एक गोष्ट वारंवार फिरते : मिस्सासाठी पाव हवा होता, यीस्ट नव्हते, म्हणून पाद्रींनी पिठात सूर घातली. ही गोष्ट कृपया पुढे पाठवू नका. रोमन पंथाच्या मिस्सातली 'ओस्ती' बिनआंबवलेल्या पिठाची असते. तिला ना यीस्ट लागते ना सूर. फुगलेला पाव वेदीसाठी नव्हे, जेवणाच्या टेबलासाठी हवा होता. पाव ही पोर्तुगीजांची भाकरी होती, एवढे कारण पुरेसे आहे.

सुरेने केलेल्या आंबटपणामुळे गोव्याची स्वयंपाकघरे दोन झाली, हे मात्र खरे. हिंदू घरात आंबट म्हणजे आमसूल, चिंच, बिंबल, कैरी. ख्रिस्ती घरात त्यांच्या जोडीला व्हिनेगर. समुद्र तोच, नारळ तोच, मिरचीही तीच (आणि तीही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच वाटेने आलेली); पण आंबट कशाचे, यावरून घर ओळखता येते. व्हिनेगरमध्ये वाटलेली लाल मिरची, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग आणि भरपूर लसूण. त्यात रात्रभर मुरलेले डुकराचे मांस. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक खुलणारी चव. पोर्तुगालच्या मुरवणात यातली लसूण होती. मसाल्याचे वाटण आणि ते वाटणारे हात इथले.

हे हात मोकळे होते असे समजू नका. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि, मध्ये काही वर्षांचा खंड वगळता, १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या त्याच्या आदेशात नवख्रिस्ती लोकांच्या कितीतरी घरगुती चालीरीतींवर बंदी घातली आहे. हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवणे हाही त्यात गुन्हा आहे. भातातले मीठ जिथे श्रद्धेची परीक्षा ठरते, तिथे डुक्कर आणि व्हिनेगर हे केवळ रुचीचे विषय कसे राहतील? ओर्ताचेच पाहा. तो सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू कुटुंबातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. माडाच्या सुरेची नोंद करणाऱ्या माणसाचा हा शेवट. त्याच्या घरी काय शिजत असे, याकडेही कोणाचे तरी लक्ष असणार, हे त्याचे पुस्तक वाचताना विसरता येत नाही.

हा पदार्थ गोव्यापुरता राहिला नाही. वसई आणि साष्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती; चिमाजी आप्पांनी ती घेतली. सत्ता गेली, पण तिथले मराठी बोलणारे ख्रिस्ती, जे १८८७ पासून स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागले, त्यांनी हा पदार्थ टिकवला. त्यांच्याकडे तो 'इंद्याल'. 'विन्या द'आल्युश' पासून 'इंद्याल' पर्यंतचा हा प्रवास आपल्या भाषेत झाला आहे. तरी मराठी पाककृतींच्या पुस्तकांत त्याला जागा क्वचितच मिळते.

आता तो तह. १८७८ हे वर्ष सुरेच्या इतिहासात काळ्या शाईने लिहावे असे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. माडी-ताडी काढायची तर परवाना हवा आणि झाडामागे कर हवा. त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला लिस्बनमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांना मुरगावचे बंदर आणि रेल्वे हवी होती. त्याबरोबर गोव्यातल्या मिठागरांचे नियंत्रण त्यांच्याकडे गेले, आणि गोव्यातली मद्यावरील आकारणीही ब्रिटिश अबकारीच्या धर्तीवर आणण्याचे ठरले. १८८० च्या जानेवारीत तह अमलात आला आणि १८९२ मध्ये संपला.

कर दारूवर होता, असे कागद म्हणतो. पण कर ज्या झाडावर बसला, त्याच झाडातून पाव, सान्नां आणि व्हिनेगरही निघत होते. सरकारी दप्तराला सूर म्हणजे फक्त नशा दिसली. तिच्यात दडलेले स्वयंपाकघर दिसले नाही. 'रेंदेर' हा शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरु' म्हणजे खंड भरणारा, यावरून आला असे मानतात. म्हणजे या माणसाची ओळखच त्याने भरलेल्या पैशांवरून झाली होती. कोकणात भंडाऱ्यांचा असंतोष वाढत गेला, आणि झाडावर चढण्याचे कौशल्य पिढीजात असूनही पोट दुसरीकडे शोधण्याची वेळ अनेकांवर आली.

आता धाग्याच्या आरंभीचा बटाटा. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, फ्रेंच येतील या धास्तीने, इंग्रज फौजेने गोव्यात तळ ठोकला होता. ती १८१३ मध्ये परतली. गोव्यातल्या ख्रिस्ती स्वयंपाक्यांची इंग्रजांना गोडी लागली, कारण ते गोमांस आणि डुक्कर दोन्ही बिनतक्रार शिजवीत. अशा स्वयंपाक्यांबरोबर विंदालू ब्रिटिश भारतभर गेले. १८८० मध्ये कोलकात्याहून निघालेल्या एका इंग्रजी पाकपुस्तकात ते पोर्तुगीज रस्सा म्हणून आले आहे. तिथे त्याचे एक नाव 'बिंदालू' आहे आणि ते मोहरीच्या तेलात करावे असा सल्ला आहे. 'व' चा 'ब' आणि मोहरीचे तेल : बंगालचा शिक्का यापेक्षा स्पष्ट काय असणार? आणि बंगालमध्ये बटाटा म्हणजे आलू. पुढे ब्रिटनमधली बहुसंख्य 'इंडियन' उपाहारगृहे ज्यांनी चालवली, ते सिलहटचे लोकही आलूच म्हणणारे. तिथल्या यादीत विंदालूचा अर्थ उरला तो 'सर्वांत तिखट' एवढाच. व्हिनेगर मागे पडले, तिखट चढले, बटाटा आत शिरला. नावातली वाइन तर कोणाला आठवतच नव्हती.

मूळ पदार्थाची दुसरी भावंडेही जगात विखुरलेली आहेत. मदेरा या पोर्तुगीज बेटावर नाताळात कार्ने द विन्या द'आल्युश आजही होते, आणि तिथे वाइन आहे, कारण द्राक्षे दारात आहेत. त्याच बेटावरून १८३५ मध्ये मजूर ब्रिटिश गयानात गेले. गुलामगिरी नुकतीच संपली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. त्यांनी नेलेला पदार्थ तिथे 'गार्लिक पोर्क' झाला. गयानातही द्राक्षे नाहीत. तिथेही वाइन जाऊन व्हिनेगर आले, आणि नावातून तर वाइन पार पुसली गेली. नाताळच्या सकाळी तो खाणाऱ्यांत पुढे भारतीय गिरमिटियांचे वंशजही आले. १८७८ मध्ये, म्हणजे आपल्या त्याच वर्षी, मदेराहून 'प्रिसिला' नावाचे जहाज हवाईला पोहोचले आणि हा पदार्थ पॅसिफिकमध्ये उतरला. गोवा, गयाना, हवाई : तिघांचा पूर्वज एक, पण तिखट मिरचीचे आणि मसाल्याचे पूर्ण वाटण मिळाले ते फक्त गोव्यात.

वाचकांच्या मनात आता एक व्यावहारिक शंका असेल. शिजवल्यावर दारू उडून जाते ना? पूर्ण नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या पाककृती मोजून पाहिल्या. घातलेल्या मद्यार्कापैकी ४ ते ८५ टक्के शिल्लक राहतो, असे आढळले. तो किती उरेल, हे भांडे, वेळ आणि पद्धत यांवर ठरते. वाइन घातलेला रस्सा तासभर शिजला, तरी साधारण पाव हिस्सा मद्यार्क उरू शकतो. व्हिनेगरची गोष्ट वेगळी : तिथे मद्यार्क उडत नाही, जीवाणू तो बहुतांशी खाऊन टाकतात. मदेरातला पदार्थ मद्याचा आहे. गोव्यातला मद्यातून जाऊन आलेला आहे. बगदादच्या फकीहांनी हाच भेद शतकांपूर्वी मान्य केला होता.

विसाव्या शतकात सुरेवर दुसरा घाव बसला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याच्या व्याख्येत ताडी-माडीचाही समावेश केला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, म्हणून तिथल्या पोदेरांची आणि विंदालूची सूर वाचली. मुंबई-वसईच्या इंद्यालला मात्र दुकानातली बाटली गाठावी लागली. गोव्यातही आता पाव बहुतेक ठिकाणी तयार यीस्टने फुगतो. दिवसातून तीनदा माडावर चढायला नवी पिढी तयार नाही, आणि तिला दोष देणाऱ्याने आधी एकदा चढून पाहावे.

आणि म्हणून शेवटी ती बाटली. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा कृत्रिम असते : ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेले. जगातील असे बहुतांश आम्ल आज मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून कारखान्यात बनते. त्यात साखर कधी आंबली नाही, मडके कधी फसफसले नाही, मधली मद्याची पायरी कधी आलीच नाही. माडाच्या व्हिनेगरने केलेल्या विंदालूत वाइनची वंशावळ अखंड होती. या बाटलीने केलेल्या विंदालूत, नाव तेच राहूनही, ती पहिल्यांदा तुटते. पुढच्या वेळी बाटली घ्याल, तेव्हा लेबल उलटून पाहा. ते आम्लापासून केले आहे की आंबवून, हे त्यावर लिहिलेले असते.